पाटलांनी झालरीला दिलेलं ऊन

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा शेकरू माणसांशी बोलायचं आणि माणसं त्याचं ऐकूनही घ्यायची, मनात आलं तर.

घाटमाथ्यावरच्या एका गावाजवळ दाट राई होती. राईच्या मधोमध जांभळाचं जुनं झाड होतं. त्याच्या फांद्यांवर, शेवाळात मुळं रोवून, एक वनस्पती लोंबत असे. तिला ना फूल, ना फळ. नुसते हिरवे गोंडे. गावकरी तिला झालर म्हणत. गावातली मुलगी सासरी निघाली की दारावर झालरीचा गोंडा बांधायचा आणि त्याखालून तिनं उंबरा ओलांडायचा, अशी रीत होती. एका लग्नाला एकच गोंडा, जास्त नाही.

पाटलांची एकुलती एक लेक येसू. तिचं लग्न ठरलं. पाटलांच्या मनात आलं, आपल्या लेकीच्या दाराला एक गोंडा कसा पुरेल? अख्खी चौकट मढली पाहिजे. पाटील हाडाचे शेतकरी. बांधावरच्या झाडाची सावली पडली की भात पोचट राहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. तेव्हा झालरीला ऊन मिळून चौकटीला पुरतील एवढे गोंडे यावेत म्हणून त्यांनी जांभळाभोवतीची झाडं तोडायला माणसं लावली.

शेकरू खाली उतरून म्हणालं, "पाटील, ही झाडं आहेत म्हणून इथं धुकं अडतं. झालर त्या ओलाव्यावर जगते."

"शेती तू केलीस की मी?" पाटील म्हणाले. "उन्हाशिवाय काही वाढत नाही."

शेकरू दुसऱ्या रानात निघून गेलं.

राईत ऊन आलं आणि थोड्याच दिवसांत गोंडे पिवळे पडले. पाटील घाबरले. जांभळाच्या बुंध्याशी त्यांनी घागरीमागून घागरी ओतल्या. पण झालरीची मुळं मातीत नव्हतीच. पाणी जांभळाला मिळालं, झालर वाळून गेली.

लग्न तोंडावर आलं. पाटलांनी चहूकडे माणसं धाडली. एकानं येऊन सांगितलं, "खालच्या दरीत एका झाडावर आहे थोडी. आणू का?"

पाटील हो म्हणणार, तोच येसू म्हणाली, "नको आबा. तेवढीच उरली आहे. तिथं तरी जगू द्या तिला."

"अगं, पण तुझं दार?"

"राहू दे मोकळं."

येसू मोकळ्या दारातून सासरी गेली. पाटील ओक्साबोक्शी रडले. लेक चालल्याचं दुःख होतंच, पण तिला रिकाम्या चौकटीखालून आपणच पाठवलं, हे त्यांना जास्त लागलं. त्यानंतर त्या गावातली एकही मुलगी झालरीखालून सासरी गेली नाही.

तात्पर्य : ज्याचं भलं करायचं, त्याला काय मानवतं ते आधी जाणून घ्यावं.