दुसऱ्या मशीनचं मूळ

भरवसा कुणावर ठेवाल, सांगा बघू? जो पोटातलं काही दाखवतच नाही त्याच्यावर, की जो सगळं उघडून समोर ठेवतो त्याच्यावर?

मिरजेत जुने सर्व्हर दुरुस्त करून देणाऱ्या रेवाबाई तांबटांनी आपल्या शिष्याला, शार्दूलला, हेच विचारलं तेव्हा तो हसला.

“उघडून ठेवणाऱ्यावर! यात विचारायचं काय, बाई?”

टेबलावर रक्तपेढीचे दोन सर्व्हर होते, जुळ्या भावांसारखे. मशीनला वीज मिळाली की सगळ्यांत आधी जागं होतं ते फर्मवेअर. कंपनीचं बंदिस्त फर्मवेअर पुसून शार्दूलनं दोन्हींत ओपन सोर्सवालं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो ते, घातलं होतं. कोड स्वतः उतरवलेला, स्वतः जुळवून तयार केलेला, चिपवर स्वतःच्या हातानं लिहिलेला. उद्या रक्तपेढीत जाऊन एकट्यानं बसवायचं. इतक्या वर्षांतलं पहिलं स्वतंत्र काम. बाईंनी ‘जा’ म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

“वाचलंस ते सगळं?”

“लाखो ओळी आहेत, बाई. वाचणारे जगभर बसलेत की.”

“म्हणजे जेवले ते, आणि ढेकर तू देतोयस.”

शार्दूलचे कान तापले.

“काढ,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“घातलंस ते. मूळचं परत बसव.”

“अहो, चांगलं चाललंय की! काढायचं कशाला?”

“मशीन कुणाचं?”

“...रक्तपेढीचं.”

“उद्या त्यांना तुझं नको झालं तर?”

एवढंच ना, असं मनाशी म्हणत त्यानं चिपवर लिहायची क्लिप लावली. मूळ फर्मवेअरची प्रत त्यानं आधीच काढून ठेवली होती. तेवढा कच्चा तो नव्हता. ती प्रत पहिल्या मशीनवर लिहिली. पडद्यावर कंपनीची खूण उमटली. मग दुसऱ्यावर लिहिली. तिथंही तीच खूण.

“घ्या. आली होती तशी झाली.”

बाई उठल्या. दोन्ही मशीनच्या केबली त्यांनी एकाच नेटवर्कच्या डब्यात खोचल्या आणि बाजूला झाल्या.

पहिलं मशीन बोलू लागलं. दुसरं जागं झालं, तसं पहिलं तुटलं. पुन्हा पहिलं आलं, दुसरं गेलं. दोन्ही ओळख म्हणून एकच नंबर सांगत होती. एका नंबराला दोन धनी... नेटवर्कनं ऐकायचं कुणाचं?

“प्रत कितींची काढलीस?”

“...एकाची.”

बाईंनी दोन्ही मशीनकडे बोट केलं.

“एकाच बनावटीची आहेत, बाई. एकाच गाडीनं आली. म्हटलं, एकाची काढली काय नि दोघांची काढली काय...”

प्रत्येक मशीनचा स्वतःचा नंबर त्याच चिपमध्ये असतो, हे त्याला पाठ होतं. नव्या पोरांना तोच तर शिकवायचा. आणि दुसऱ्या मशीनचं मूळ आता जगात कुठंच उरलं नव्हतं.

“नंबर मागच्या स्टिकरवर छापलेला आहे,” तो घाईनं म्हणाला. “हातानं भरतो, आत्ता होईल. रक्तपेढीत कुणाला पत्ताही लागायचा नाही.”

“स्टिकरवर आहे तेवढंच आत होतं?”

कंपनीनं आत काय ठेवलंय ते दिसत नाही, म्हणून तर सकाळपासून शार्दूल कंपनीच्या नावानं बोटं मोडत होता. आणि न दिसलेलंच त्यानं न बघता पुसून टाकलं होतं.

“...ठाऊक नाही.”

बाई स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

“मग उद्या... मी जाऊ नको?”

बाईंनी दुसऱ्या मशीनचं पत्र्याचं झाकण उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. खिशातलं मार्कर पेन काढून हातात दिलं.

“नंबर भर. उद्या तूच घेऊन जा. फक्त या झाकणावर हिशेब खरा लिही, तिथल्या माणसाला वाचता येईल असा. काय पुसलंस, काय भरलंस... आणि काय ठाऊक नाही, ते सगळ्यांत वर.”