चौथी कड

इनामदार आबासाहेबांच्या सुनेला चौथ्यांदा दिवस गेले, तेव्हा त्यांनी गोधड्या शिवणाऱ्या धुरपदाला ओसरीवर बोलावून घेतलं. येताना अर्धवट कामं घेऊन ये, असंही फर्मावलं.

"नातवासाठी नवी गोधडी हवी," आबासाहेब भेटीला आलेल्या व्याह्यांकडे, सुनेच्या वडिलांकडे, बघत हसले. "पण ही बाई एक काम पुरं करील तर शपथ. आमच्याच तीन गोधड्या हिनं लोंबकळत ठेवल्यात."

धुरपदानं तिन्ही गोधड्या पसरल्या. प्रत्येकीच्या तीन कडा शिवलेल्या होत्या, चौथी उघडी.

"मालक, चौथी कड मी बाळ जन्मल्यावरच शिवते. तिन्ही वेळा सुई ओवून बसले आणि तिन्ही वेळा तुमचाच निरोप आला, की पोरगी झाली, आता राहू दे. नवीचं काय ते आजच सांगा. उघडीच ठेवायची असेल, तर दोरा तेवढाच आणते."

सुनेच्या वडिलांनी मान खाली घातली. दाराआड बांगड्या वाजल्या.

"तिन्ही पुऱ्या कर," आबासाहेब पुटपुटले.

"करते. पण मापं पाळण्यातली आहेत, मालक. थोरलीचे पाय आता उघडेच राहतील."