चावडीची किल्ली

मुलींच्या उर्दू शाळेचं छप्पर कोसळलं, तेव्हा रिकामी चावडी वर्गासाठी मागायला मुख्याध्यापिका नफिसा मुजावर तहसीलदारांकडे गेल्या. साहेब गरजले, "बाई, हे निधर्मी राज्य आहे. परक्या भाषेला सरकारी जागा मिळणार नाही!"

बातमीसाठी मी तिथंच बसलो होतो. इतकी वर्षं बातमीदारी केली, पण भाषेला धर्म चिकटवून पोरींना उन्हात बसवणारा अधिकारी पहिल्यांदाच पाहिला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, 'तहसीलदार' हा शब्द अरबी-फारसीतून आलाय. परकं चालत नसेल, तर दारावरची पाटी आधी उतरवा. मग सांगा, आम्हाला नाही म्हणणारे तुम्ही कोण?"

अख्खी कचेरी फिसकन हसली. साहेबांनी मुकाट्यानं चावडीची किल्ली पुढे सरकवली.