नर्गिसच्या वाफ्याची कड

“किती खोल पुरलेत तुमच्या वाफ्याचे दगड, बुवा?”

विद्याधर रेग्यांनी कुटीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवताच विचारलं. नमस्कार नंतर केला.

बुवा ओसरीवर उन्हाला बसले होते. अंगात लोकरीची करडी बंडी, डोक्याला कानटोपी.

“या, रेगे. दम खा आधी.”

“दोन फूट तरी असतील. त्याशिवाय या थंडीत ओळ तशी राहायची नाही.”

बुवा नुसते हसले.

रेगे पूल बांधणारे इंजिनिअर. नोकरीत एकतीस पूल बांधले आणि एकाचीही ओळ सूतभर चुकली नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगायचे. निवृत्त झाल्यावर बायकोच्या, कुमुदच्या हट्टाखातर त्यांनी कुमाऊंतल्या या गावात घर बांधलं. सात हजार फुटांवर. कुमुदला खिडकीत बसून बर्फ पडताना पाहायचा होता. दोन हिवाळे पाहिला. तिसऱ्याला ती राहिली नाही.

गावाच्या वरच्या अंगाला आडूची, म्हणजे पीचची, झाडं होती आणि त्यांच्यात ही कुटी. कुटीतल्या म्हाताऱ्याला गाव ‘आडूवाले बाबा’ म्हणे. मूळचे कोरेगावकडचे, पण अडतीस वर्षं इथंच होते. मराठी बोलायला माणूस सापडला म्हणून रेगे पहिल्यांदा वर आले आणि मग येतच राहिले. मे महिन्यात यायचे, दसऱ्यानंतर यायचे. बर्फ वितळायच्या दिवसांत मात्र वाट निसरडी, म्हणून कधी आले नव्हते. आज आले होते.

त्यांनी पिशवी उपडी केली. ओसरीवर एक लाल वीट, पोलादी पट्टीचा हातभर तुकडा आणि काळ्या प्लास्टिकच्या कडेची गुंडाळी मांडली.

“यातलं काय टिकेल ते तुम्ही सांगा. नाहीतर तुमच्यासारखे दगड कुठं मिळतात ते सांगा. पण कड एकदाच लावायची आणि कायमची.”

“कायमची कशाला?”

“येत्या अठरा तारखेला खाली चाललोय. मुलीकडे, पुण्याला. घराला कुलूप.” रेग्यांनी प्लास्टिकची गुंडाळी सारखी केली. “कुमुदनं वाफ्यात नर्गिसच्या फुलांचे कांदे लावलेत ना... मागे बघणारं कोणी नाही. तेवढी कड झाली की माझं इथलं काम संपलं.”

बुवांनी पट्टीला हात लावला नाही. प्लास्टिककडे पाहिलंही नाही. वीट तेवढी उचलून मांडीवर घेतली.

“ही तर फुटेल इथं.”

“फुटलीच. पहिल्या वर्षी विटाच लावल्या होत्या. पाणी प्यायल्या, गोठल्या, चैत्रात बघतो तर पापुद्रे सुटलेले.”

“मग पुन्हा कशाला आणलीत?”

रेग्यांनी पट्टीचा तुकडा पुढं सरकवला.

बुवांनी शेजारचा लोटा उचलला आणि विटेवर पाणी ओतलं. विटेनं चुर्रर्र आवाज करत ते पिऊन टाकलं. ओल्या भाजल्या मातीचा वास ओसरीभर झाला.

रेग्यांचे डोळे आपोआप मिटले.

“आमचे वडील स्टेशनमास्तर होते,” ते म्हणाले. आवाज निराळाच लागला होता. “मिरजेकडे, अगदी लहान स्टेशन. दिवसाला चार गाड्या. क्वार्टरसमोर आईची बाग होती. गुलबक्षी, अबोली, कर्दळ. आणि वाफ्याला विटांची कड. तिरप्या पुरलेल्या, एकीला एक टेकून. दातांसारखी टोकं वर. एक वीट गेरूची, एक चुन्याची. गाडीतून लोक वाकून बघायचे.”

“सुरेख.”

“सरळ रेघ, बुवा! जन्मात तशी रेघ पाहिली नाही. पूल बांधताना सुद्धा माझ्या डोळ्यांपुढं तीच असायची.”

“पावसात विटा कलायच्या नाहीत?”

“छे. कधीच...”



खालच्या देवदारात कुठलासा पक्षी दोनदा ओरडला.

“कलायच्या,” ते हळूच म्हणाले. “काळी माती ती. सगळी ओळ वेडीवाकडी व्हायची. कोंबड्या उकरायच्या ते वेगळंच.”

“मग?”

“नवरात्र लागायच्या आधी आई खाली बसायची. पदर खोचून. एकेक वीट उपटायची, पुन्हा बसवायची. बाबा ड्यूटीवरून आले की बनियनवरच गेरू कालवायचे. दोघं बोलत बसायचे काम करता करता. काय बोलायचे कोण जाणे... आई हसायची फार. मी आत अभ्यासाला असायचो. मला बाहेर आल्यावर नुसती सरळ ओळ दिसायची.”

बुवांनी ओली वीट उन्हात ठेवली.

“चला, दगड दाखवतो.”

कुटीच्या मागे वाफा होता. दोन वर्षं मे महिन्यात रेग्यांनी जी कड पाहून मनात मापं घेतली होती, ती तिथं नव्हती. गोल दगड अंगणभर विखुरले होते. काही वाफ्यात, काही वाटेवर, एक तर आडूच्या बुंध्यापर्यंत घरंगळत गेलेला. गोठलेल्या जमिनीनं फुगून सगळ्यांना उचलून टाकलं होतं.

“हे कधी झालं?”

“दर वर्षी होतं.”

“दर वर्षी?”

बुवांनी पायापाशी पडलेला एक दगड एका हातानं उचलला आणि रेग्यांच्या ओंजळीत ठेवला. नारळाएवढा होता. गार होता. त्याला खालून नुसती ओली माती लागली होती, बोटभर.

“एवढाच खोल,” बुवा म्हणाले.

रेगे दगड धरून उभे राहिले. दगड खाली ठेवावा हेही त्यांना सुचलं नाही.

त्यांना पहिल्या वर्षीचा चैत्र आठवला. विटांचे पापुद्रे सुटलेले पाहून कुमुद शाल गुंडाळून अंगणात बसली होती. फुटलेल्यांतून त्यातल्या त्यात धड विटा वेचून एकेक नीट बसवत होती. “ये ना, बस जरा,” असं म्हणालीही होती. आणि त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं होतं, “सोड ते. मी काँक्रीटची ओततो. दर वर्षीची कटकटच नको.”

“बरं,” एवढंच म्हणाली होती. हात झटकून आत गेली होती.

काँक्रीटची कड दसऱ्याला ओतली. चैत्रात मधोमध तडकली. कुमुदनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

“बुवा,” रेगे म्हणाले, “मी तिला एकदासुद्धा...”

  बुवांनी खाली बसून पहिला दगड वाफ्याशी लावायला घेतला.

बऱ्याच वेळानं रेगेही बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रेग्यांच्या अंगणात पहारीचे घाव ऐकू येत होते. त्यांनी स्वतःच ओतलेलं काँक्रीट ते स्वतः फोडत होते. मजूर बोलावला नाही. खाली ओढ्यावर जाऊन एका खेपेला चार दगड आणत होते. वयाच्या मानानं ते जास्तच होते. संध्याकाळी कंबर धरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

चौथ्या दिवशी बुवा काठी टेकत खाली उतरले. रेग्यांनी ओळ धरायला ओळंबा, दोरी, पाणसळ सगळं बाहेर काढून ठेवलं होतं. बुवांनी त्याकडे पाहिलं आणि ते दोरीची गुंडाळी आसनासारखी बुडाखाली घेऊन तिच्यावर बसले. रेग्यांना हसू आलं. किती दिवसांनी आलं ते.

काम दुपारपर्यंत चाललं. नर्गिसचे हिरवे कोंब मातीतून बोटभर वर आले होते. दोन ठिकाणी ते जुन्या कडेच्या बाहेर, वाटेवरच उगवले होते. रेग्यांनी तिथं दगड बाहेरून वळवून घेतले. ओळीला पोट आलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

बोलणं चालूच होतं. गुलबक्षीचं बी कसं दिसतं, कोरेगावच्या बाजारात पूर्वी काय काय मिळायचं, कुमुद चहात आलं किती घालायची. मधेच एकदा रेगे मोठ्यानं हसले, आणि पुढच्या दगडाला वळले.

शेवटचा दगड बसला. रेगे गुडघे धरून उठले, चार पावलं मागे गेले. सवयीनं एक डोळा मिटून ओळ पाहिली.

ओळ सरळ नव्हती.

ऊन उतरणीला लागलं होतं. समोरच्या शिखरांवर अजून बर्फ होता. रेगे वाफ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलंच.

“पुढचा हिवाळा टिकेल का हो ही, बुवा?”

बुवांनी हाताची माती झटकली. काठी घेतली. फाटकापर्यंत गेले, आणि वळले.

“टिकली, तर चैत्रात तुम्ही कशाला याल?”