अकरा थांब्यांचा डोंगर

डोंगरांना नावं पडली होती आणि गावांना अजून कुणी दिली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा सुतार राहत होता. त्याला तीन मित्र होते: एक वैद्य, एक कुंभार आणि एक गवळण. चौघांच्या वयाची बेरीज तीनशेच्या घरात जात होती, आणि चौघांचे मिळून दात एका माणसाला पुरतील इतकेच उरले होते.

तरी दर सोमवारी उजाडलं की हे चौघे डोंगर चढायला निघत. माथ्यावर खडकात कोरलेलं एक टाकं होतं. त्याचं पाणी प्यायचं, कांदा-भाकरी खायची, गावातल्या प्रत्येकाची पाठीमागे चौकशी करायची आणि उन्हं तापायच्या आत खाली उतरायचं. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मात्र पायांना सुट्टी. त्या दिवशी ते तट्टांवर बसून नदीकाठानं फिरायला जात. तट्टंही त्यांच्याच वयाची असल्यामुळे अर्धी वाट माणसंच तट्टांना ओढत नेत.

हा नेम तीस वर्षांत चुकला नव्हता.

त्या वर्षी सुताराच्या घरी नवी सून आली. ती बोलायची कमी आणि पाहायची जास्त. महिना उलटला तरी शेजारणींनी तिचा आवाज ऐकला नव्हता. "मुकी तर नाही ना?" असं दोघी-तिघी तिच्यासमोरच विचारून गेल्या. त्यावरही ती काही बोलली नाही, त्यामुळे शंका पक्की झाली.

एके दिवशी रंधा मारता मारता सुतार एकाएकी खाली बसला. घोटभर पाणी प्यायला, उठला आणि पुन्हा रंधा मारू लागला. पण त्याच्या बायकोनं ते दारातून पाहिलं, आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

तिनं सुनेला चुलीजवळ बोलावलं. "तुझ्या मामंजींना विचारलं तर म्हणतात, मी ठणठणीत आहे. वैद्यांना विचारावं तर ते त्यांच्याच टोळीतले. तू सोमवारी त्यांच्याबरोबर जा. वाटेत ते किती वेळा थांबतात ते पाहा आणि मला येऊन सांग. बोलायचं काही नाही, नुसतं मोजायचं."

न बोलण्याचं काम सुनेला जमण्यासारखं होतं. तिनं दोरीचा एक तुकडा कमरेला खोचला. एका थांब्याला एक गाठ, असं तिनं ठरवलं.

सोमवारी तिला पाहून गवळण म्हणाली, "घ्या. आता आपल्यावर राखण आली."

"आपल्यावर की भाकरीवर?" कुंभारानं विचारलं.

सून मनात आणती तर पळत माथा गाठून परत आली असती. पण ती गुमान मागून चालत राहिली. पहिल्याच वळणावर सुतार थांबला आणि काठी दरीकडे रोखून म्हणाला, "ते बघा."

सगळे थांबले आणि बघू लागले. सुनेनंही पाहिलं. तिथं एक बाभूळ होती.

"काय आहे तिथं, मामंजी?"

"बाभूळ."

"हो. आणि?"

"आणि काय? चांगली वाढलीय."

चौघे बराच वेळ बाभळीकडे पाहत राहिले. बाभूळ काही तेवढ्यात वाढली नाही. सुनेनं गाठ मारली. पुढच्या वळणावर सुतारानं एक दगड दाखवला, त्यापुढे एक वारूळ, त्यापुढे एक ढग, ज्याचा आकार कशासारखाच नव्हता. माथ्यावर पोहोचेपर्यंत दोरीला अकरा गाठी पडल्या.

घरी आल्यावर सासूनं त्या एकेक करून मोजल्या.

"अकरा. आणि दर वेळी हेच थांबले? दुसरं कुणी नाही?"

"दर वेळी मामंजीच," सून म्हणाली. ते खरंच होतं.

सासूनं ती दोरी नवऱ्यापुढे ठेवली. "आता डोंगर पुरे. अकरा वेळा धाप लागते तुम्हाला. उद्या वाटेत काही झालं तर तुम्हाला खाली कोण आणणार, ते तीन म्हातारे?" तिचा आवाज चढला होता.

सुतारानं दोरीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. त्यानं काठी खुंटीला टांगली आणि ओट्यावर जाऊन बसला.

तो तसाच बसून राहिला. दोन दिवस रंध्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मीठ कमी आहे हेही बोलला नाही, तेव्हा घरात सगळ्यांनाच धास्ती वाटली. पण सासू म्हणाली, "बसलेले असोत, पण डोळ्यांपुढे असोत."

पुढच्या सोमवारी ते तिघे सुताराशिवाय निघाले. सून ओढ्यावर पाण्याला गेली होती, तेव्हा तिला ते परत येताना दिसले. जाऊन फार वेळ झाला नव्हता. कुंभाराचा गुडघा सुजला होता आणि वैद्याच्या खांद्याचा आधार घेऊन तो पाय ओढत होता. वैद्याचाच चेहरा असा होता की कोणी कोणाला आधार दिलाय ते कळू नये.

सुनेनं घागर खाली ठेवली आणि आपण होऊन विचारलं, "माथा इतक्यात झाला?"

"ही आमचीही चौकशी करते की," कुंभार म्हणाला आणि दगडावर बसला.

"माथा कुठला, बाई," गवळण म्हणाली. "अर्ध्यातून परतलो. कुणी थांबलंच नाही. ह्याच्या गुडघ्यात कळ आली, हा बोलला नाही. मला धाप लागली, मी बोलले नाही. आधी मी थकले असं म्हणायचं कुणी? आणि हे वैद्यबुवा, सगळ्या गावाची नाडी बघतात आणि स्वतःची लपवतात."

वैद्य ओढ्याकडे पाहू लागला.

"तुझा सासरा असता तर त्यानं आमचे चेहरे बघूनच काठी उचलली असती," गवळण म्हणाली. "तो कधी कुणाला, दमलास का, असं विचारत नाही. एखादं झाड दाखवतो."

"म्हणजे मामंजी दमत नाहीत?"

"दमतो की. एकदा, वरच्या चढाला. बाकीचे थांबे आमचे."

"आणि रंधा मारताना एकाएकी खाली बसले, ती भोवळ?" सुनेनं वैद्याला विचारलं.

"एकादशीला उपाशीपोटी रंधा मारला तर तुलाही येईल. तुझ्या सासूला मी सांगितलं होतं. पण मी पडलो टोळीतला."

सून घागर घेऊन घरी निघाली. वाटभर तिला त्या गाठी आठवत राहिल्या. एकही गाठ खोटी नव्हती. सगळ्या एका माणसाच्या नावावर बांधल्या होत्या, इतकंच. आणि तो माणूस ओट्यावर बसला होता.

तिनं घागर उतरवली आणि लग्न झाल्यापासूनचं सर्वांत लांब वाक्य बोलली. "आत्याबाई, गाठी मी बरोबर मारल्या, पण त्यांतली एकच मामंजींची होती, बाकीच्या त्या तिघांच्या, आणि आज ते तिघे अर्ध्यातून लंगडत परत आलेत."

"तुला फितवलंय त्यांनी."

"मग तुम्हीच चला आणि मोजा."

शेजारी ताक पीत बसलेल्या सुनेच्या नवऱ्याला ठसका लागला. सासू तिच्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "येते. मला काय धाड भरलीय? मी एका दमात चढेन."

कुंभाराच्या गुडघ्याची सूज उतरली, आणि त्यानंतरच्या सोमवारी सहा माणसं डोंगराला लागली. सासू सर्वांच्या पुढे होती, मोजायची दोरी हातात. पहिला चढ तिनं खरंच एका दमात घेतला. दुसऱ्या चढावर तिचा चेहरा लाल झाला. तिनं पदर तोंडावर धरला, पण थांबली नाही. मागून पाच जण पाहत होते, कशी थांबणार?

सुतारानं काठी खाली रोखली. "ते बघा. आपलं घर."

सासू थांबली. ती गाठ मारायला गेली आणि तिचा हात तिथंच राहिला. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही दमलात?"

"नाही."

"मग?"

"घर दिसतंय."

घराकडे पाहायला लागतो त्याहून बराच अधिक वेळ ती पाहत राहिली. श्वास जाग्यावर आल्यावर तिनं विचारलं, "त्या दिवशी मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? वैद्याला चढावर धाप लागते म्हणून? मग त्याच्याकडे औषधाला कोण जाईल?"

सासूनं दोरी दरीत टाकून दिली.

माथ्यावर पोहोचायला उशीर झाला. टाक्याचं पाणी पिऊन सासू म्हणाली, "आपल्या विहिरीसारखंच तर आहे. तीस वर्षं उगीच कौतुक ऐकलं." मग तिनं आणखी दोन ओंजळी घेतल्या. खाली उतरल्यावर त्याच दुपारी सुतारानं रंधा हातात घेतला, आणि जेवताना आमटीला नावं ठेवली.

त्यानंतर डोंगराला अकराऐवजी पंधरा थांबे लागू लागले, पण अर्ध्यातून कुणी कधी परतलं नाही. सूनही दर सोमवारी जाऊ लागली. शेजारणी आता म्हणू लागल्या की ही पोर फार बोलते.

म्हणून बाळगोपाळांनो आणि थोरांनो, कुणाचे थांबे मोजण्याआधी तो कुणासाठी थांबला ते विचारावं.