गुरुजींचं वळण

"मग नाक घासायचं नाही, तर काय त्याच्या पाया पडायचं?"

हे विचारताना जमदाडे गुरुजींचा आवाज जरा चढलाच. मठात आवाज चढवू नये हे त्यांना कळत होतं. पण उभा जन्म शाळेच्या वर्गात गेलेला. आवाजाला खाली यायची सवयच राहिली नव्हती.

त्यांच्या पायाशी बाजाराची पिशवी होती. तिच्यातून कुत्र्याच्या पिलाचं डोकं वर आलं होतं, ते आवाजासरशी पुन्हा आत गेलं.

केवळनाथ धुनीच्या राखेनं तांब्या घासत बसले होते. टेकडीवरच्या या मठात माणसांपेक्षा कुत्रीच जास्त. कुणी टाकलेली, कुणी हाकललेली. तरी अंगण लख्ख असायचं. गावात कुत्र्याविषयी काही अडलं, की लोक नाथांकडे यायचे.

"नाक घासायला कुणी सांगितलं?" नाथांनी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? घरात घाण केली, की मानेला धरायचं, त्याच घाणीत नाक घासायचं, वर एक फटका. गावातल्या दोन पिढ्यांना मी वळण लावलंय. हे तर कुत्रं."

"मग लागलं वळण?"

"लागलं तर! आता घरात डाग दिसायचा नाही."

"मग आलात कशापायी?"

गुरुजींनी पिशवी जवळ ओढली.

"वास येतो," ते म्हणाले. "घाण कुठं दिसत नाही, पण वास येतो. आणि हे रोडावत चाललंय. हिनं दूध-भाकरी कुस्करून ठेवली, तर मी समोर असेपर्यंत तोंड लावत नाही."

ही म्हणजे द्वारकाबाई, गुरुजींची बायको. यंदाच्या चैत्रात त्यांची एकुलती एक लेक उज्जू सासरच्या विहिरीत सापडली. तेव्हापासून बाईंनी अंथरूण धरलं होतं आणि बोलणं टाकलं होतं. शेजारणीनं हे पिलू आणून त्यांच्या पदरात टाकलं, तेव्हा कुठं तोंडातून पहिला शब्द फुटला. "गुंड्या," त्या म्हणाल्या. परवा गुरुजींनी पिलू माळावर सोडून यायची भाषा केली, तर त्या एवढंच बोलल्या, "मलाही तिथंच सोडा मग."

पिलू गेलं, तर बायकोही हातची जाणार, हे गुरुजींना स्वच्छ दिसत होतं. म्हणून तर म्हातारा माणूस टेकडी चढून आला होता. पण तसं कबूल करायला जीभ उचलेना. अहो, गुरुजीच ते!

"सोडा बघू त्याला खाली," नाथ म्हणाले.

गुरुजींनी पिलू सारवलेल्या भुईवर ठेवलं. ते जागचं हललं नाही. शेपूट पोटात, पाय लटपटत, नजर गुरुजींच्या हातावर.

"हं, चल!" गुरुजी म्हणाले.

आणि पिलानं तिथल्या तिथं घाण केली.

गुरुजींचा हात आपसूक वर गेला. पिलू पळालं नाही, केकाटलंही नाही. ते गर्रकन मागं वळलं आणि स्वतःची घाण भराभर खाऊ लागलं. खाताना एक डोळा त्या हातावर होता.

गुरुजींचा हात वरच राहिला...

घरात वास कशाचा येत होता, ते त्यांना आता कळलं.

नाथांनी तांब्या खाली ठेवला. पिलाजवळ उकिडवे बसले, छातीखाली हात घालून त्याला उचललं आणि आपल्या पंच्याच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं. मग मूठभर राख घाणीवर टाकली, पळसाच्या पानानं ती उचलून उकिरड्यावर नेली. तोंडानं साधं च्च्च्‌सुद्धा केलं नाही.

"असं का करतंय ते?" गुरुजींनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"तुम्हीच शिकवलं."

"मी? मी घाण करू नको म्हणून शिकवलं!"

"कुठं करायची ते दाखवलं का कधी?"

गुरुजींनी वर राहिलेला हात खाली घेतला.

"मग त्येला कळलं तेवढं त्येनं केलं. तुमच्या डोळ्याला दिसू न्हाई दिलं."

गुरुजी खाली बसले.

"मग करायचं तरी काय?"

"निजून उठलं, की उचलून भाईर न्यायचं. खाल्लं, की भाईर. जागा रोज एकच. तिथं आपुन बी उभं ऱ्हायचं, घाई करायची न्हाई. झालं, की पाठीवरनं हात फिरवायचा. घरात केलं, तर राख टाकायची आन् गप बसायचं."

"आणि चुकीला शिक्षा?"

"लहान जिवाचं पोट हाय ते, गुरुजी. त्यात चूक कसली?"

नाथ पिलाला घेऊन अंगणाच्या कडेला, कडुनिंबाखाली गेले. तिथून म्हणाले, "तुम्ही तेवढं भिंतीआड व्हा."

"मी?"

"तुम्ही दिसताय तवर ते काय करायचं न्हाई."

पोरांना वर्गाबाहेर उभं करण्यात ज्यांची हयात गेली, ते जमदाडे गुरुजी मठाच्या भिंतीआड जाऊन मुकाट उभे राहिले.

पलीकडं सगळं शांत होतं... मग नाथांचा आवाज आला, "शाब्बास रं माझ्या वाघा!"

आणि पाठोपाठ पिलू भुंकलं. बारीक, फाटक्या आवाजात, पण भुंकलं. गुरुजींनी घरात त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता.

ते भिंतीला टेकले. भिंतीकडं पाहतच बोलू लागले.

"नाथबाबा, माझ्या उज्जूनंही कधी हूं की चूं केलं नाही. फोनवर विचारलं, की एकच उत्तर. मी बरी आहे, नाना. सासरी निघाली, तेव्हा मीच बजावलं होतं तिला. माझ्या वळणाला बट्टा लावू नकोस."

गुरुजी नखानं भिंतीचा पोपडा काढत राहिले.

"गेल्या वर्षीच्या वैशाखात भावकीतल्या लग्नाला आली होती. उन्हानं अंगाची काहिली होत होती आणि पोरीच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत. मी चारचौघांत दाखवलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात वळण..."

त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली.

"विहिरीतून काढली, तेव्हा ते हात पाहिले. वण होते. जुन्यांवर नवे. बाप होतो हो मी तिचा! मला एकदा तरी सांगायचं. का नाही सांगितलं तिनं?"

भिंतीच्या कोपऱ्यावरून पिलू पुढं आलं. गुरुजी दिसताच ते भुईला चिकटलं. त्याच्या मागोमाग नाथ आले. त्यांनी गुरुजींचा उजवा हात धरला, वळलेली मूठ सोडवली आणि तळव्यावर घरी न्यायला धुनीची मूठभर राख ठेवली.

गुरुजी राखेकडं पाहत राहिले...

"वास तर येत व्हता ना, गुरुजी?" नाथ म्हणाले.