रिकाम्या शाळेची प्रवेश परीक्षा

सांबरगडच्या राजेसाहेबांच्या हायस्कुलात सगळं होतं. सागवानी बाकं होती, भिंतभर नकाशे होते, सात मास्तर होते. नव्हतं ते फक्त एकही मूल!

शाळा राजेसाहेबांची खाजगी, त्यामुळे प्रवेश परीक्षाही तेच घ्यायचे. प्रश्न एकच. उत्तर बरोबर आलं तर मॅट्रिकपर्यंत शिक्षण फुकट. चुकलं तर घरी, आणि पुन्हा बसायचं नाही. तीन वर्षांत कुणीही पास झालं नव्हतं, आणि राजेसाहेबांना त्याचाच कोण अभिमान! "शेजारच्या संस्थानातल्या शाळेत कुणीही घुसतं. आमच्या शाळेत घुसून दाखवा!" असं ते मिशीला पीळ देत पाहुण्यांना सांगायचे. मास्तर बिचारे रोज रिकाम्या बाकांची हजेरी घ्यायचे आणि घरी जायचे.

यंदा परीक्षेला नाव दिलं ते एकट्या हौसानं. केरबा कल्हईवाल्याची ही तेरा वर्षांची लेक. गावची शाळा सातवीला संपली होती आणि चालत जाण्याच्या टप्प्यात दुसरं हायस्कूल नव्हतं. हौसाला तर पुढं शिकायचंच होतं. भाता ओढता ओढता गिऱ्हाइकांच्या घरची जुनी वर्तमानपत्रंसुद्धा ती वाचून काढायची, एकेक जाहिरातीसकट.

"मग अभ्यासाला लाग की!" केरबा म्हणाला. "हेडमास्तर सोवनी म्हणत्यात, नदीपासनं नक्षत्रापतुर समदं पाठ पायजे."

"तीन वर्सं पोरं त्येच पाठ करत्यात आबा, आन् नापास हुत्यात! मी आधी परीक्षेचाच अभ्यास करते."

केरबा गावोगाव भांड्यांना कल्हई लावत हिंडायचा. हौसा त्याच्याबरोबर निघाली आणि त्या त्या गावातल्या नापास पोरांना गाठू लागली. "तुला काय इचारलं? तू काय सांगितलंस?"

"मला इचारलं, काल राती सरकारांस्नी सपान कशाचं पडलं?" घोडेवाडीचा एक मुलगा म्हणाला. "मी म्हणलं, हत्तीचं. तर म्हणाले, चूक, उंटाचं!"

"मला सरकारांचं आवडतं पक्वान्न इचारलं," माळवाडीची मुलगी अजून चिडलेलीच होती. "माजा मामा वाड्यावर आचारी! मी छातीठोक सांगितलं, श्रीखंड. तर म्हणाले, चूक! ते कालपर्यंत आवडत होतं!"

हौसा पोट धरून हसली. मग हसू ओसरलं आणि तिला भीतीच वाटली. प्रश्न कोणताही असो, उत्तर राजेसाहेबांच्या मनात, आणि मन तर घटकेत पालटणारं! हे चुकलं की शिकणंच संपलं. आठ दिवस ती भाता ओढत होती आणि विचार करत होती. तिच्या तंद्रीत दोन पातेली करपली.

परीक्षेच्या दिवशी दरबार भरला.

"बाप काय करतो गं तुझा?" राजेसाहेबांनी विचारलं.

"कल्हई लावतो, सरकार."

"मग तू इथं कशाला? आमची शाळा हुशारांसाठी आहे!"

"सरकार, आमच्याकडं लोक काळीच भांडी आणत्यात. चकचकीत भांड्याला कल्हई कोण लावून घेतंय?"

दरबारात खसखस पिकली. राजेसाहेबांची मिशी थरथरली. "जीभ बरी चालते! आता डोकं चालव. सांग, या घटकेला माझ्या मनात काय आहे?"

"उत्तर बरोबर आलं तर शाळेत घेणार न्हवं?"

"भर दरबारात शब्द देतो!"

हौसा म्हणाली, "सरकारांच्या मनात हाय, की काय बी झालं तरी ह्या पोरीला पास करायचं न्हाई!"

राजेसाहेब सवयीनं ओरडणार होते, "चूक!" पण तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. बरोबर म्हणावं, तर पोरगी पास. चूक म्हणावं, तर तिला पास करायचं नाही असं मनात नव्हतंच, हे कबूल! मग त्यांना एक पळवाट दिसली.

"चूक! साफ चूक! माझ्या मनात जिलबी होती!"

"म्हंजी मला नापास करायचं सरकारांच्या मनात न्हवतं?"

"मुळीच नव्हतं!"

"मग करू नगा की!" हौसा म्हणाली. "आन् केलंत, तर ते मनात हुतं ह्ये समद्यांस्नी दिसंल. मग माजं उत्तर बरोबर!"

राजेसाहेबांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाण पागोटं सारखं करू लागले. "सोवनी! यातून काहीतरी वाट काढा!" राजेसाहेब गरजले. पण हेडमास्तर सोवनींना ऐकायला सवड कुठे होती? तीन वर्षं कोऱ्या पडलेल्या हजेरीपटावर त्यांनी हौसाचं नाव लिहूनही टाकलं होतं, आणि त्यावर घाईघाईनं फुंकर मारून शाई वाळवत होते!

ते पाहून राजेसाहेबांना हसू फुटलं. आधी मिशीतल्या मिशीत, मग गडगडून. "पोरी, मला माझ्याच मनात कोंडलंस की! जा, दिला प्रवेश. पुस्तकं, वह्या सगळं सरकारातून. आणि पुढच्या वर्षीचा प्रश्नही तूच काढ!"

"काढते की, सरकार! पर येक अट हाय."

"आणखी काय?"

"बरोबर उत्तर परीक्षेच्या आदीच कागदावर लिवायचं, आन् कागद सोवनीमास्तरांच्या कपाटात कुलपात ठेवायचा!"

राजेसाहेब पुन्हा इतके हसले, की दिवाणांना त्यांचा जिरेटोप सावरावा लागला. "मंजूर!" ते डोळे पुसत म्हणाले. "आणि किल्लीसुद्धा मास्तरांकडेच!"